शब्दांची विचारपूस : तितर कोणाच्या कानात काय बोलतो?

मागच्या अंकात उपनिषदांबद्दल लिहिताना मी एका ओळीत सांगून पुढे गेले होते की तैत्तिरीय हा शब्द तित्तिर, म्हणजे आपला तितर पक्षी, त्याच्यावरून आलाय. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सदर अख्खं तितरालाच देतेय. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि विचारणाऱ्यांची नावं न घालता फक्त गाव-जिल्हा ठेवलाय.

प्रश्न : ताई, आमचं घराणं हिरण्यकेशी, म्हणजे तैत्तिरीय शाखेचं. माझ्या नातीने कुठेतरी ऐकलं की याज्ञवल्क्यांनी वेद ओकला आणि बाकीच्या शिष्यांनी तितर होऊन तो खाल्ला म्हणून हे नाव पडलं. तिने तोंड वाकडं करून विचारलं, "आजोबा, म्हणजे आपण ते?" मला उत्तर सुचलं नाही आणि खरं सांगायचं तर वाईटपण वाटलं. (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आजोबा, नातीने अगदी योग्य प्रश्न विचारलाय, तिला तसं सांगा. ती गोष्ट विष्णुपुराणात आहे आणि भागवताच्या बाराव्या स्कंधातही आहे. वैशंपायन गुरूंच्या हातून हत्येचं पाप घडलं, त्यांनी शिष्यांना माझ्यासाठी प्रायश्चित्त करा म्हणून सांगितलं, तर याज्ञवल्क्य म्हणाले हे बाकीचे काय करणार, मी एकटाच करतो. गुरू चिडले, माझ्याकडून शिकलास ते सगळं परत दे आणि चालता हो म्हणाले. मग याज्ञवल्क्यांनी शिकलेले यजुर्मंत्र ओकून टाकले आणि बाकीच्या शिष्यांनी तित्तिर होऊन ते टिपून घेतले. पुढे याज्ञवल्क्यांनी सूर्याची उपासना करून नवे मंत्र मिळवले तो शुक्ल यजुर्वेद आणि टिपलेला तो कृष्ण, तुमची तैत्तिरीय शाखा त्यातलीच. आपल्याकडे देशावर शुक्ल यजुर्वेदी घरं भरपूर, कोकणात हिरण्यकेशी भरपूर, त्यामुळे ही गोष्ट कोणत्या घरात सांगितली जातेय त्यावर तिचा सूर बदलतो, मी दोन्हीकडे ऐकलीये.

पण नाव कुठून आलं ते बघायचं तर या गोष्टीच्याही मागे जायला लागतं. पाणिनीचं चौथ्या अध्यायात एक सूत्र आहे, "तित्तिरिवरतन्तुखण्डिकोखाच्छण्". वाचताना जीभ अडखळते पण सांगायचंय ते सोपं आहे, की तित्तिरि, वरतंतु, खंडिक आणि उख या नावांना अमुक एक प्रत्यय लावला की त्यांनी सांगितलेलं शिकणारे असा अर्थ होतो. तित्तिरीचे ते तैत्तिरीय, एवढंच. चौघंही माणसं आहेत, शिकवणारी माणसं. आणि तैत्तिरीयांच्या स्वतःच्या अनुक्रमणीत, म्हणजे त्यांच्या ग्रंथाच्या सूचीत तर गुरुपरंपरा सरळ दिलीये, वैशंपायनांनी यास्क पैंगीला शिकवलं, त्याने तित्तिरीला, तित्तिरीने उखाला आणि उखाने आत्रेयाला. तिथे कोणी ओकत नाही, कोणी पक्षी होत नाही, एक जण दुसऱ्याला शिकवतो आणि दुसरा तिसऱ्याला.

माणसाला पक्ष्याचं नाव कसं काय, असं नात पुढे विचारेलच. तर मांडूक्य हे नाव मंडूकावरून म्हणजे बेडकावरून, शौनक शुनक म्हणजे कुत्र्यावरून, कश्यप म्हणजे तर कासवच. आणि आपल्या वर्गात नव्हते का कावळे, घारे, ससाणे, चिमणे? त्या आडनावांचं आपल्याला काही वाटत नाही कारण रोजची आहेत.

आता माझं मत सांगते. ती पुराणातली गोष्ट मला घाण वाटत नाही. तितर जमिनीवर कसा खातो ते जवळून बघितलंय का तुम्ही? पायाने माती मागे उकरतो, थांबतो, एक दाणा चोचीत घेतो, परत उकरतो. धुळीतला दाणा आणि खडा त्याला वेगळा कळतो. ज्याने कोणी ही गोष्ट रचली त्याने हा पक्षी नीट बघितलेला होता. जमिनीवर सांडलेलं वाया जाऊ नये म्हणून टिपून घेणारे ते शिष्य, हे नातीला सांगून बघा. आणि जमलं तर तिला तैत्तिरीय उपनिषदाची सुरुवात वाचून दाखवा, शीक्षावल्ली. पुढे मातृदेवो भव वगैरे सगळ्यांना माहिती असलेलं येतं पण पहिला धडा आहे तो उच्चाराचा, वर्ण, स्वर, मात्रा, बल. म्हणजे कान तयार करण्याचा. पक्ष्याच्या नावाच्या शाखेत हे असावं याचा मला फार आनंद होतो.

प्रश्न : तित्तिर या शब्दाचा मुळातला अर्थ काय? मी एका ठिकाणी "तिळाएवढे ठिपके असलेला" असं वाचलं, तर दुसरीकडे लिहिलं होतं की तो आवाजावरून पडलेला शब्द आहे. दोन्ही कसं बरोबर असेल? (लातूर)

उत्तर : हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही, अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि भांडणारे दोन्ही पक्ष एकाच पुस्तकात एकाच पानावर सापडतात. यास्कांच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची फोड सांगणाऱ्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात कावळ्याचा विषय निघतो. यास्क म्हणतात काक हा शब्द आवाजाची नक्कल आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा असतं, त्यांचे शब्द "तदिदं शकुनिषु बहुलम्". लगेच पुढे औपमन्यव नावाच्या आचार्यांचं मत दिलंय की नाही, आवाजाची नक्कल वगैरे काही नसतं, प्रत्येक नावाच्या आत अर्थ असलाच पाहिजे. आणि त्याच ओघात तित्तिरि येतो, एक तर तरणावरून म्हणजे उड्या घेत जातो म्हणून, नाहीतर "तिलमात्रचित्र", तिळाएवढ्या ठिपक्यांचा म्हणून. तुम्ही वाचलं ते इथलं.

मला औपमन्यवांबद्दल आदर आहे, कारण त्यांनी पक्षी बघितला होता. रंगीत तितराच्या छातीवर खरंच काळ्यावर पांढरे तीळ पेरल्यासारखे ठिपके असतात, पाखरू हातात घेतल्यासारखं वर्णन आहे ते. पण मी यास्कांच्या बाजूची आहे आणि त्याचं कारण पुस्तकात नाही, माण तालुक्यात आहे.

माझ्या मामांचं गाव तिकडचं. कोरडा माळ, बोरी-बाभळी, मधेच ज्वारीचा एखादा तुकडा. दोन वर्षांमागे डिसेंबरात गेले होते, मामा पहाटे उठवून बांधावर घेऊन गेले, थंडी एवढी की मोबाईल धरलेली बोटं वाकत नव्हती, मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, "गप बस गं, बोलंल आता." आणि खरंच बाभळीच्या बुडातनं आधी एक बारीक किरकिर आली, कोणी लाकडाची चावी फिरवतंय अशी, मग एकदम चढत्या आवाजात का-तीतर, का-तीतर, का-तीतर, आणि त्याचं संपायच्या आत ओढ्याच्या पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं आणि मग सगळा माळ बोलायला लागला. मी मामांना विचारलं, मामा याला काय म्हणायचं? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "त्यो सांगतोय की त्याचं नाव." त्यानंतर मला निरुक्तातली ती ओळ परत वाचायची गरज पडली नाही.

थोड्या वेळाने एक नर बांधावर आला, पंधरा-वीस फुटांवर. कोंबडीच्या पिल्लाहून मोठा, कोंबडीहून बराच लहान, अंगावर इतक्या बारीक आडव्या रेघा की एखाद्याने बसून पेनाने ओढल्यासारख्या, तांबूस पाय, आणि गळ्यावर पिवळट चकती आणि तिच्याभोवती काळी तुटक रेघ, लहान पोराच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यासारखी. आम्ही हललो तसा तो उडाला नाही, पळाला. तितर उडायचा कंटाळा करतो, अगदीच गळ्याशी आलं तर फर्रकन उडतो आणि थोड्या अंतरावर परत उतरून पळतो.

पण खरी मजा पुढे आहे. तेच रेकॉर्डिंग मी ऑफिसात ऐकवलं. लखनौच्या मैत्रिणीला त्यात पतीला-पतीला ऐकू आलं, तिच्या घरी तसंच म्हणतात. उत्तरेत जो काळा तितर आहे, हरियाणाचा राज्यपक्षी, त्याचा आवाज वेगळा आहे, आणि त्याच्यात लोकांना "सुभान तेरी कुदरत" ऐकू येतं, कोणाला "लहसुन प्याज अदरक". बाबराने आपल्या आठवणींत या पक्ष्याबद्दल लिहिलंय आणि त्याला त्यात फारसी ऐकू आली, "शीर दारम शकरक", माझ्याकडे दूध आहे आणि थोडी साखर. त्याच परिच्छेदात तो सांगतो की अरबस्तानात लोकांना या पक्ष्याच्या आवाजात अरबी वाक्य ऐकू येतं, उपकार मानले की सुख टिकतं अशा अर्थाचं. तितर जगभर थोड्याफार फरकाने तेच बोलतोय आणि ऐकणारा आपल्या घरातला शब्द त्याच्यात घालतोय. म्हणून कोणी विचारलं तित्तिर शब्दाचा अर्थ काय, तर मी आधी रेकॉर्डिंग लावते.

प्रश्न : सुनेने बाळासाठी "कपिंजल" नाव काढलंय. अॅपवर अर्थ चातक दिलाय, आमचे एक नातेवाईक म्हणतात तितर, आणि दुसरे एक शास्त्री आहेत ते म्हणाले कपिंजल म्हणजे तीन! आता काय समजायचं? (नाशिक)

उत्तर : काकू, तिघंही बरोबर आहेत, पण तिघं तीन वेगळ्या खोल्यांतून बोलतायत.

चातक हा अर्थ काही संस्कृत कोशांत खरंच दिलेला आहे. पण जुन्या वापरात कपिंजल म्हणजे तितराच्या घरातलाच, आणि वैद्यकाच्या ग्रंथांत काळसर तो तित्तिर, गौर तो कपिंजल असा भेद करतात. म्हणजे माझ्या मामांच्या बाभळीखालचा तो बहुतेक कपिंजल. यास्क त्याची फोड कपि म्हणजे माकड, त्या रंगाचा, किंवा थोडासा पिंगट अशी करतात, आणि एक फोड "कमनीय शब्द करणारा" अशीही देतात, ती मला बाळासाठी सगळ्यात आवडली.

एक जुनी कथापण आहे, तैत्तिरीय संहितेत आणि शतपथ ब्राह्मणात. त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप याला तीन तोंडं, एकाने सोम प्यायचा, एकाने सुरा, एकाने अन्न खायचा. इंद्राने ती तिन्ही डोकी उडवली. सोम पिणाऱ्या तोंडाचा कपिंजल झाला, सुरा पिणाऱ्याचा कलविंक म्हणजे चिमणा, आणि अन्न खाणाऱ्याचा तित्तिर. शतपथात कारणंपण दिलीयेत, सोम तांबूस म्हणून कपिंजल तांबूस, चिमणा दारू प्यायल्यासारखा बडबडतो, आणि तितराच्या अंगावर तुपाचे आणि मधाचे थेंब सांडल्यासारखे ठिपके. तूप आणि मध! तिळापेक्षा मला हे जास्त पटतं.

शास्त्रीबुवांचं तीन कुठून आलं ते सांगते, कारण त्यात खरा विचार आहे. अश्वमेधाच्या संदर्भात एक वाक्य आहे, "वसन्ताय कपिञ्जलानालभते", वसंतासाठी कपिंजल घ्यावेत. घ्यावेत, अनेकवचन. पण किती? आकडा दिलेला नाही. मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, याच्यावर नीट वाद घातला आणि ठरवलं की संस्कृतात एक, दोन आणि मग अनेकवचन, म्हणजे अनेकवचनाची सुरुवात तीनपासून. तीन घेतले की वाक्याचं म्हणणं पूर्ण झालं, चौथा जीव घ्यायला आधार नाही. याला कपिंजल न्याय म्हणतात. शब्दाचा अर्थ जेवढ्यावर भागतो तिथे थांबायचं, आणि थांबलं तर एक पाखरू वाचतं. आज आपल्याला यज्ञात पाखरं मारणं पटणार नाही, मलाही पटत नाही, पण त्या काळात व्याकरण लावून हिंसेला किमान हद्द घातली गेली ही गोष्ट छोटी नाही.

त्या वाक्याचा पुढचा भागही ऐका. ग्रीष्माला कलविंक, वर्षाऋतूला तित्तिरि, शरदाला वर्तिका. आता बघा, आपल्याकडे रंगीत तितर पावसाळ्यात बोलतो, वारुळावर नाहीतर दगडावर चढून दिवसभर ओरडतो, विणीचा हंगामच तो. आणि वर्तिका म्हणजे बटेर, तिची एक जात पावसाळा संपता संपता उत्तरेकडून येते. ऋतू आणि पाखरू यांची ही जोडी मला उगाच लावलेली वाटत नाही, ज्याने लावली तो बाहेर फिरणारा माणूस असणार.

नाव ठेवा, काकू. बाणभट्टाच्या कादंबरीत पुंडरिकाचा मित्र कपिंजल आहे, आणि मैत्री निभावणारा आहे. आणि ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात शेवटची दोन सूक्तं आहेत ती परंपरेने कपिंजलाच्या रूपातल्या इंद्राची मानतात. त्यात पक्ष्याला विनवलंय की आमच्या घराच्या उजवीकडून ओरड, चांगलं बोल. तिथे पक्ष्यासाठी शब्द आहे शकुन्ति, आणि शकुन म्हणजेही पक्षीच. आपण मराठीत शकुन, अपशकुन म्हणतो ते मुळात पाखराचंच नाव, पाखरू काय बोललं त्यावरून दिवस कसा जाणार ते बघायचे म्हणून.

प्रश्न : ढाब्यावर कुठे "तितर हंडी" लिहिलेलं असतं, कुठे "बटेर", कुठे "लावा". हे एकच का? आणि खाणं बरोबर आहे का? (सोलापूर रोडवरचा एक ड्रायव्हर)

उत्तर : दादा, एकच नाही. तितर साधारण फूटभर लांब. लावा त्याच्या निम्मा, मुठीत मावेल एवढा, गवतात आठ-दहा जणांच्या टोळीने राहतो, रात्री सगळे शेपट्या आत आणि तोंडं बाहेर करून गोल बसतात, चुकून पाय पडला तर चहूकडे फुटाणे फुटल्यासारखे उडतात. बटेर दिसायला लाव्यासारखीच पण जात वेगळी. ढाब्यावर जे ताटात येतं ते बहुतेक वेळा पोल्ट्रीत वाढवलेली जपानी बटेर असते, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. तिची ठिपक्यांची अंडी बाजारात मिळतात तीच ही. रानातला तितर, लावा, बटेर मारायला, विकायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, त्यामुळे कोणी "अस्सल रानातला आहे" म्हणून कौतुकाने वाढला तर तिथे खाऊ नका, हे माझं कळकळीचं सांगणं.

चरकसंहितेत पक्ष्यांच्या मांसात लावा सगळ्यात चांगला म्हणलंय हे खरंय, लोक ते दाखवतात. पण चरकांच्या काळात माळ किती होते आणि आता किती उरलेत हेपण बघायला पाहिजे ना.

बटेर शब्दाबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्तिका ऋग्वेदात येते, अश्विनीकुमारांनी तिला लांडग्याच्या तोंडातून सोडवलं म्हणून. ग्रीक भाषेत बटेरीला ऑर्टिक्स म्हणतात आणि वर्तिका आणि ऑर्टिक्स हे सख्खे चुलत शब्द आहेत, भाषाशास्त्रात हे मान्य आहे. आणि आपल्या राखी तितराचं, म्हणजे मामांच्या बाभळीखालच्या त्याच पक्ष्याचं, हल्लीचं शास्त्रीय नाव आहे ऑर्टिगॉर्निस पाँडिसेरियानस. ऑर्टिगॉर्निस म्हणजे बटेरपक्षी! हिंदीत ना इकडचं ना तिकडचं असलं की आधा तीतर आधा बटेर म्हणतात, तर शास्त्रज्ञांनी तितराच्या नावातच बटेर बसवून टाकलीये.

प्रश्न : राजस्थानातले आमचे शेजारी ढग बघून "तीतर पंखी" म्हणतात. म्हणजे काय? (पुणे)

उत्तर : आकाशात बारीक बारीक लाटांचे, ठिपक्यांचे ढग पसरतात, तितराच्या पंखावरच्या रेघांसारखे, ते तीतर पंखी. तिकडच्या जुन्या दोह्यात म्हणलंय की असे ढग आले तर पाऊस येणार यात शंका नाही. त्याच दोह्यात जोडीला काजळ घातलेली विधवा दुसरं घर करणार असंही म्हणलंय. ढगाचं निरीक्षण घ्यावं, बाईबद्दलचं तिथेच सोडून द्यावं असं मला वाटतं. बाईने काजळ घालावं आणि हवं तर लग्नही करावं, त्याला आभाळाची साक्ष कशाला.

प्रश्न : स्नायपर या शब्दात पक्षी आहे असं क्विझमध्ये ऐकलं. खरंय का? (नागपूर)

उत्तर : खरंय आणि त्याचा जन्म आपल्याकडचा. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा, भातखाचरात चिखलात बसणारा लांब चोचीचा पक्षी. नावात लावा आहे पण तो लाव्याचा कोणी नाही. चिखलाच्या रंगाचा, त्यामुळे दिसत नाही, आणि उडाला की नागमोडी उडतो, त्यामुळे नेम बसत नाही. 18व्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज फौजी घरी पत्रात लिहायचे की आज स्नायपिंगला गेलो होतो. ज्याला पाणलावा टिपता येतो तो पक्का नेमबाज. तिथून तो शब्द माणसावर लपून नेम धरणाऱ्यापर्यंत गेला. भातखाचरातलं पाखरू आणि युद्धाच्या बातमीतला तो शब्द, ही वाट मला अजून पचत नाही.

प्रश्न : मॅडम, मी फासेपारधी समाजातला आहे, शिक्षक आहे. माझे आजोबा तितर पकडायचे. शाळेत मुलं पारधी म्हणजे काय विचारतात तेव्हा शब्दाचा अर्थ कसा सांगू? (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पारध म्हणजे शिकार, संस्कृत कोशांत शिकारीला पापर्द्धि असा शब्द आहे, प्राकृतात तो पारद्धि झाला आणि मराठीत पारध. पारध करणारा तो पारधी. फास लावून पकडतो तो फासेपारधी, म्हणजे तुमच्या समाजाच्या नावात एक हत्यार आहे, आणि ते हत्यार करायला बोटांत जे कौशल्य लागतं ते मला आयुष्यात येणार नाही. पाखरू कुठून चालतं, कोणत्या झुडपाखाली पाणी पिऊन थांबतं, कोणत्या आवाजाला उत्तर देतं, हे माहिती असल्याशिवाय फास लागत नाही.

मुलांना शब्दाचा अर्थ सांगाच, पण त्याच्यावर बाहेरून काय लादलं गेलं तेही सांगा. इंग्रज सरकारने 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, पुढे पारध्यांवरही तोच शिक्का बसला, तो कायदा 1952 मध्ये गेला पण बोलण्यातला शिक्का अजून गेलेला नाही, आणि शब्दकोशातला शिकारी हा साधा अर्थ लोकांच्या तोंडी संशय होऊन बसलाय. मी या सदरात शब्दांचे अर्थ सांगते म्हणून मला हे जास्त लागतं.

आणि एक विनंती. आजोबांनी तितराचे किती आवाज वेगळे ओळखले, नराचा, मादीचा, घाबरल्याचा, पिल्लांना बोलवायचा, आणि प्रत्येकाला तुमच्या बोलीत काय म्हणायचे, हे घरात अजून कोणाला आठवत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. शिकार बंद झाली ते योग्यच झालं, पण ते ज्ञान बंद पडायला नको. तुम्ही पाठवलंत तर हे सदर एक महिना तुमचं.

प्रश्न : आम्ही दुबईत राहतो. बिल्डिंगमागच्या पार्कात रोज सकाळी एक पक्षी इतक्या जोरात ओरडतो की मुलगी दचकून उठते. व्हिडिओ पाठवतेय. हाच का तुमचा तितर? (दुबई)

उत्तर : हाच. राखी तितर, गळ्यावरची ती काळी रेघ व्हिडिओत बाराव्या सेकंदाला स्पष्ट दिसतेय, पॉज करून बघा. तिकडच्या बागांत, हिरवळीवर तो चांगला रुळलाय, लोकांनी त्याला हवाई बेटांवरही नेऊन सोडलंय आणि तिथेही तो टिकलाय. मुलीला सांगा की हा तिच्या पणजोबांच्या माळावरचा पक्षी आहे.

आणि दचकायचं थांबलं की तिला विचारा तो काय बोलतोय. सुचवू नका, तीतर म्हणू नका, नुसतं विचारा. ती मराठी, इंग्रजी आणि थोडी अरबी अशा तीन भाषांत वाढतेय, त्यामुळे तिच्या कानाला काय लागतं याची मला खूप उत्सुकता आहे. जे म्हणेल ते जसंच्या तसं कळवा.